हळू सही करणाऱ्या साहेबांचा टीपकागद

टीपकागद तोंडात घातला की तो आधी जिभेचं पाणी पितो, मग गालांचं, मग घशाचं. मला हे चौथीत असताना कळलं. फौजदार माझ्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, "नाव काय गं तुझं?" आणि माझ्या उजव्या गालात पोस्टकार्डाएवढा टीपकागद घड्या घालून कोंबलेला होता. तोंडात थुंकी उरली नव्हती. गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि शाईची कडू चव नाकापर्यंत चढली होती. तोंड उघडलं तर जीभ निळी दिसणार हे मला ठाऊक होतं. फौजदाराच्या मागं, आमच्या एकुलत्या एक खोलीच्या मधोमध, माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी उघडी पडली होती आणि तिच्यापाशी कोर्टाचे नाझरसाहेब बसून एकेक पाकीट उघडून बघत होते. नाना, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती. परक्या माणसांसमोर त्यांना बोडक्या डोक्यानं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मुकी आहे का ही?" फौजदारानं आईला विचारलं.

"नाय साहेब. भ्यालीय," आई म्हणाली. तिच्या हातांना बाजरीचं पीठ तसंच होतं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि ती उलटायला कोणी जात नव्हतं, कारण चुलीकडे पाठ करून हवालदार उभा होता. तो तिथं नसता तर मी कागद चुलीत टाकला असता आणि हे लिहायची वेळ आली नसती.

दारात शेजारचा मधूकाका चहाचा कप हातात घेऊन उभा होता. त्याच्या मागं चाळीतली निम्मी माणसं होती. बाकीचे सगळे पेटीकडे बघत होते, मधूकाका तेवढा माझ्याकडे बघत होता. चहाचा एक घोटही त्यानं घेतला नव्हता.

आता आधीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

नाना मूळचे चांदवडकडचे. नाशिकला जिल्ह्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. खांद्यावरून लाल पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला आई दर रविवारी चिंचेनं घासायची. आम्ही तांबट आळीच्या मागच्या एका चाळीत राहायचो. उजाडलं की आळीत पातेल्यांवर हातोडे पडायला सुरुवात व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. त्या ठोक्यांची इतकी सवय होती की शाळेत गेल्यावर मला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. ठोके मधेच थांबले तर ओळखावं, आळीत काहीतरी शिरलंय. प्रेत नाहीतर बैल नाहीतर पोलीस. घरात सकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा, रात्री भाकरी आणि काहीतरी पातळ. सणाला पुरण. लेकरू मी एकटीच. आधीची दोन जगली नव्हती. आई त्याबद्दल बोलत नसे, मीही जास्त लिहीत नाही.

वर्षाकाठी एकदोनदा मुंबईहून हायकोर्टाचे कोणी जज्जसाहेब तपासणीला यायचे. त्याआधी पंधरा दिवस कोर्टात चुना लागायचा, खुर्च्यांना पॉलिश व्हायचं आणि नानांना घरी झोप लागायची नाही. साहेब तपासणीच्या वहीवर सही करणार, त्या वेळी बाजूला उभं राहून शाई टिपायची, हे काम नानांचं. का, तर त्यांचा हात थरथरत नसे. पूर्वी एका पट्टेवाल्यानं साहेबांच्या सहीवर टीपकागद घासला आणि वहीभर शाई फासली. त्याला म्हणे दुसऱ्या दिवशी तालुक्याला पाठवलं. तेव्हापासून नानाच. ते टीपकागद घासायचे नाहीत. वरून अलगद ठेवायचे, तळव्यानं एकदा दाबायचे आणि सरळ वर उचलायचे. घरी मला जुन्या वहीवर करून दाखवायचे. म्हणायचे, "सही ते करत्यात, वाळवतो मी."

हायकोर्टाच्या साहेबांसाठी ते दरवेळी नवा टीपकागद घ्यायचे. पोस्टकार्ड ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायची आणि तेवढा तुकडा कापायचा. सगळे तुकडे अगदी एका मापाचे. सही टिपून झाली की तो तुकडा कोटाच्या आतल्या खिशात. कागदावर सही उलटी उठलेली असायची, आणि कधीच पुरी नसायची. सुरुवातीची अक्षरं कागद ठेवेपर्यंत वाळून जायची, शेवटची ओली असायची ती गडद उठायची. नानांना इंग्रजी येत नव्हतं. पण कोणती सही कोणत्या साहेबांची हे ते डोळे झाकून सांगायचे, जसा गुराखी गुरं ओळखतो.

इतर चीजवस्तूही होत्या. एका साहेबांचा झिजलेला निब. एकांच्या काळ्या झग्याचं बटण. सरकारी बंगल्यावर विसरलेली गळ्याची पांढरी पट्टी, ती परत करायला नाना गेले तर साहेबांची गाडी निघून गेली होती. साबणाची एक वडी, तिच्यावर अजून अंगठ्याचा खळगा होता. हे सगळं त्या पत्र्याच्या पेटीत. सणासुदीला माझ्या झंपरला कापड नसलं तरी त्या पेटीला कुलूप नवं होतं. आई तिला "तुमचे देव" म्हणायची. "आधी तुमच्या देवांना हलवा, मग मला केर काढू द्या." कोर्टात सगळ्यांना पेटीची माहिती होती. वकील चेष्टा करायचे, कारकून चेष्टा करायचे, आणि नाना खूश व्हायचे. चेष्टा करणारा माणूस निदान आपल्याकडे बघतो, असं त्यांना वाटत असावं.

प्रत्येक टीपकागदाचं एक पाकीट होतं आणि पाकिटावर चिठ्ठी. चिठ्ठ्या मी लिहायचे. नानांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते सांगायचे, मी पाटावर बसून लिहायचे. "साहेब उंच. खोकला होता." "साहेब रागीट. खुर्ची बदलायला लावली." आणि एकावर होतं, "साहेब हळू सही करतात. चहा बिनसाखरेचा. जाताना माझं नाव विचारलं." ही शेवटची ओळ नानांनी मला दोनदा वाचायला लावली. इतक्या वर्षांत इतके साहेब आले, नाव त्या एकानंच विचारलं होतं. त्यांचा टीपकागद नाना फार क्वचित बाहेर काढायचे. साहेब इतके सावकाश लिहायचे आणि इतकी शाई सोडायचे की पहिली रेघ सोडून सगळी सही उठली होती.

मधूकाका आमच्या शेजारच्या खोलीत एकटा राहायचा. कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल मांडून अर्ज टाइप करून द्यायचा. स्वच्छ कपडे, केसांना सुगंधी तेल, बोलणं पुस्तकातल्यासारखं. आईच्या हातचं वांग्याचं भरीत त्याला आवडायचं आणि आई वाटीभर त्याच्याकडे पाठवायची. पाठवायची ती माझ्या हाती. तो मला "चिठणीसबाई" म्हणायचा. एकदा त्यानं मला दाढीचा आरसा दिला आणि सांगितलं, टीपकागद आरशात बघ. मी नाना नसताना बघितला. उलटी सही सुलटी झाली. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती आता कुणाची तरी सही दिसत होती. मी धावत जाऊन त्याला सांगितलं.

"त्यातली सगळ्यात साफ कुठली आहे?" त्यानं विचारलं.

"हळू सही करणाऱ्या साहेबांची."

"दोन दिवस दे मला. अक्षरं जुळवून त्यांचं पूर्ण नाव काढतो. तुझ्या नानांना सुबक टाइप करून देऊ. खूश होतील."

"नाना मारतील."

"नानांना कशाला सांगायचं? अचानक दिलं तर जास्त आनंद होतो, चिठणीसबाई."

किल्ली आईच्या मंगळसूत्रात असायची. आंघोळीच्या वेळी ती मंगळसूत्र खुंटीला लावायची. मी कागद काढला आणि दिला. लहान होते म्हणून दिला असं मी म्हणणार नाही. मला चिठणीसबाई म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून दिला.

दोन दिवसांचे पाच दिवस झाले. परत दिला तेव्हा त्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी उघडून बघितला. चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं होती. विचारलं, तर म्हणाला, "वाऱ्यानं उडत होता." मी तो पाकिटात ठेवला आणि पेटी बंद केली. टाइप केलेलं नाव कधी आलं नाही. मीही मागितलं नाही. तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं. आईनं ओवा दिला.

मग महिन्याभरानं कोर्टात तीन पोरं आली. नव्या टोप्या, नवे सदरे, एकाच्या हातात नारळ. चांदवडकडचीच, शेतकऱ्यांची. त्यांच्याकडे कागद होते, की यांना कोर्टात शिपाई म्हणून घ्यावं, आणि खाली हायकोर्टाच्या जज्जसाहेबांची सही. पोरं म्हणाली, हजर व्हायला आलोय, काम दाखवा. नाझर म्हणजे कोर्टातल्या शिपायांचा आणि सामानाचा कारभारी. असली भरती झालीच नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पोरांना बाकावर बसवलं आणि कागद उन्हात धरून बघितले. कागद कुणी दिले, तर पोरांना गावाकडं पैसे घेऊन गेलेल्या एका दलालापलीकडं काही ठाऊक नव्हतं. तपासणीची वही काढली. सही तीच होती, फक्त पहिली रेघ नव्हती. तिन्ही कागदांवर नव्हती.

नाना तेव्हा नाझरसाहेबांच्या मागं पाणी घेऊन उभे होते. त्यांनी खांद्यावरून बघितलं. पहिली रेघ नसलेली ती सही जगात एकाच ठिकाणी होती.

त्या संध्याकाळी नाना घरी आले, बिल्ला खुंटीला लावला आणि पेटीवर बसले. उघडली नाही. आईनं ताट वाढलं. ते ताटाकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"काय नाय. पोट बरं नाय."

"बापलेकींची पोटं एकदमच कशी बिघडत्यात?" आई म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मला वाटलं त्यांना कळलं. आता वाटतं, त्यांना काहीच कळलं नव्हतं. पेटी उघडून बघायचंच त्यांना भ्या वाटत होतं. कागद आत असला तरी वाईट, नसला तरी वाईट. त्यांनी दोन दिवस पेटी उघडली नाही. मी म्हातारी झाले तरी घरातली एखादी गोष्ट उघडून बघायची टाळते, डॉक्टरचा रिपोर्ट असो की फोनवर आलेलं काही. सून हसते. हसू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मधूकाका माझ्या मागं उभा राहिला. बादली भरत होती. तो अगदी हळू, नेहमीच्याच सुरात बोलला.

"नानांना काही सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शहाणी आहेस. त्या चिठ्ठ्या कुणाच्या अक्षरात आहेत?"

"माझ्या."

"मग? पेटी नानांची, अक्षर तुझं. माझं नाव कुठे आहे का त्यात? तू तोंड उघडलंस की नानांच्या हातात बेड्या. तुझ्या आईला भांडी घासावी लागतील लोकांची." मग त्यानं माझी बादली उचलून आमच्या दारापर्यंत आणून ठेवली. आई आतून म्हणाली, "काय गुणाचा माणूस हाय."

तो दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही. शाळेत पाढे म्हणताना तेराचा पाढा मधेच विसरले आणि गुरुजींनी छडी मारली, तेव्हा बरं वाटलं. मार बसला की काही वेळ दुसरं काही सुचत नाही. चाळीत दरवेळी जिना वाजला की मी आईकडे सरकायचे. कुणी म्हणालं की बाजूच्या आळीत एकाला चौकशीला नेलं आणि तो आठवड्यानं आला तेव्हा त्याला धड बसता येत नव्हतं. ते खरं होतं का माहीत नाही. मी ऐकलं आणि नानांच्या पाठीकडे बघितलं. नाना सडपातळ होते. सदऱ्यातून मणके मोजता यायचे.

तिसऱ्या दिवशी नानांची सुट्टी होती. सकाळचे नऊ वाजले असतील. आई भाकरी थापत होती, नाना दाराबाहेर दाढी करत होते. आणि हातोडे थांबले. आधी आळीच्या टोकाचे, मग मधले, मग आमच्या भिंतीपलीकडचे. मी इतकी शांतता तिथं कधी ऐकली नव्हती. मी उठले. खुंटीला मंगळसूत्र नव्हतं, आईच्या गळ्यात होतं, पण पेटीला कुलूप नव्हतं. पहाटे कधीतरी नानांनी ते काढलं होतं आणि झाकण उघडायचं धाडस झालं नव्हतं. मी झाकण उचललं, हळू सही करणाऱ्या साहेबांचं पाकीट काढलं, कागद घेतला, पाकीट परत ठेवलं. जिन्यावर बूट वाजले. हवालदार थेट चुलीकडे गेला. मी कागद तोंडात घातला.

माझी अक्कल तेवढीच. मला वाटलं, कागद नसला की गुन्हा नाही.

नाझरसाहेबांनी पाकिटं एकेक करून वाचली. "साहेब उंच. खोकला होता." त्यांच्या मिशीखाली हसू आलं होतं, मला दिसलं. ते वाईट माणूस नव्हते. मग ते पाकीट आलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "साहेब हळू सही करतात. चहा बिनसाखरेचा. जाताना माझं नाव विचारलं." पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

नाना भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढं आले.

"यातला कुठे आहे?" नाझरसाहेबांनी विचारलं.

"होता, साहेब."

"होता ते दिसतंय. बाकी सगळे आहेत, नेमका हाच नाही. विकलास?"

"नाय साहेब. तो मी... तो कसा इकीन? त्या साहेबांनी मला नाव इचारलं होतं."

"मग जाळलास?"

नानांचे नुसते ओठ हलत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

फौजदार उठला. "चला. तिकडे गेल्यावर आठवेल." हवालदारानं नानांचा दंड धरला. आईनं पिठाच्या हातानं हवालदाराची बाही धरली आणि मग घाबरून सोडली. बाहीवर चार बोटं पांढरी उमटली.

"अहो, टोपी तरी घालू द्या त्यांना," ती म्हणाली.

मधूकाकानं दारातून वाट करून दिली. "येतील हो, वहिनी," तो म्हणाला. "चौकशीच आहे. मी आहे ना इथे." आणि माझ्याकडे बघून त्यानं मान अगदी थोडी हलवली. शाबास म्हणाल्यासारखी.

ती मान हलली नसती तर मी बोलले असते का, मला माहीत नाही. मी फार शूर होते असं कुणी समजू नये. मला त्याचं ते शाबास म्हणणं ओकारीसारखं आलं. मी तोंडात बोटं घातली आणि कागद ओढला. तो गालाला चिकटला होता. थोडा आला, थोडा आतच राहिला. हातात निळागुलाबी लगदा, आणि त्यात एक कोपरा तसाच कोरडा राहिलेला. त्या कोपऱ्यात भोक होतं. मी तो फौजदारासमोर धरला आणि जीभ बाहेर काढली, कारण बोलताच येत नव्हतं.

"अगं माझे आई," आई म्हणाली आणि खाली बसली.

पाणी दिलं तेव्हा शब्द फुटले. "मी दिला होता. मधूकाकांना. आरशात बघून. भोकं त्यांनी पाडली."

"लहान पोर आहे साहेब," मधूकाका म्हणाला. त्याचा आवाज बदलला नाही. "बापाला वाचवायला काहीही बोलेल. मी पाच वर्षं यांच्या घरचं अन्न खातोय."

"अन्न मीच पाठवायचे," आई खालूनच म्हणाली. "वांग्याचं भरीत."

फौजदारानं नानांना विचारलं, "कागद सगळे सारखे आहेत का?"

"पोस्टकार्डाच्या मापाचे, साहेब. एक सूत इकडंतिकडं नाय."

फौजदारानं पेटीतला दुसरा एक टीपकागद घेतला आणि शेजारच्या खोलीत गेला. मीही गेले, माझा हात हवालदारानं धरला होता. मधूकाकाच्या खिडकीला लहान लहान काचा होत्या, प्रत्येक काच तळहाताहून थोडी मोठी, आणि मधे लाकडी पट्ट्या. फौजदार एकेक काचेवर बोट फिरवत गेला. तिसऱ्या काचेच्या चार कोपऱ्यांना, लाकडात, चार भोकं होती. त्यानं टीपकागद शाईची बाजू काचेकडे करून तिच्यावर धरला. चारही कोपरे भोकांवर बसले. मागून ऊन येत होतं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी साहेबांची सही काचेवर सुलटी दिसत होती. अशीच ती उठवली असणार. वरून पातळ कागद ठेवायचा आणि पेन फिरवायचं. पहिली रेघ त्याला कळली नाही, कारण ती कागदावर नव्हतीच. खरी सही त्यानं कधी पाहिलीच नव्हती. ती नानांनी पाहिली होती.

मधूकाकाच्या हातातला कप तेव्हा खाली पडला. फुटला नाही. घरंगळत जिन्यापर्यंत गेला.

त्यालाही नेलं आणि नानांनाही नेलं. मला वाटलं होतं खरं बोललं की नानांना सोडतील. तसं होत नाही. दोन रात्री आई आणि मी दाराला पाठ लावून बसलो. आई माझ्याशी बोलली नाही. तिनं मला मारलंही नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. हातोडे दुसऱ्या दिवशी सुरू झाले आणि प्रत्येक वेळी जरा हळू झाले की आम्ही दोघी मान वर करायचो. आईनं भाकऱ्या केल्या आणि झाकून ठेवल्या. त्या वाळल्या, मग आणखी केल्या.

नाना तिसऱ्या दुपारी आले. चालत आले. अंगावर वळ नव्हते, आईनं सदरा काढून बघितले. एक गाल तासलेला, एकावर खुंट. जाताना घातलेली टोपी हरवली होती. जेवायला बसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या, पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघितलं.

"गिळलास किती?"

"थोडा."

"कडू होता?"

"हो."

ते बराच वेळ बोट ताटावर फिरवत राहिले. "सगळ्यांत साफ तोच उठला होता," म्हणाले. एवढंच. पुढं मरेपर्यंत त्यांनी त्याचा विषय काढला नाही.

नोकरी गेली नाही. चौकशी झाली, कित्येक महिने घरी बसले, आई खरंच लोकांची भांडी घासायला गेली. दोषारोप सहीचा नव्हता. सरकारी टीपकागद घरी नेला, हा होता. नाझरसाहेबांनीच मधे पडून त्यांना परत घेतलं म्हणतात, पण साहेबांच्या टेबलाजवळ पुन्हा उभं केलं नाही. जुन्या फायलींच्या खोलीत टाकलं. पेटी जप्त झाली ती परत मिळाली नाही. निब, बटण, साबण, सगळं. कुठल्या तरी तळघरात असेल अजून, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. ती तीन पोरं आपल्या गावी गेली. त्यातला एक पुढं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागला, असं ऐकलं. मधूकाका शिक्षा भोगून आला, पण नाशिकला नाही.

माझी शाळा आईनं त्याच वर्षी बंद केली. चौथीची परीक्षा दिली आणि संपलं. ती म्हणाली, लिहिता येत होतं म्हणून हे झालं. मी वाद घातला नाही. तिचं म्हणणं चूक होतं, पण मला घालायला वाद सुचला नाही, आणि आता सुचतो तर ऐकायला ती नाही. हे जे लिहिते आहे ते तेवढ्याच शिक्षणावर लिहिते आहे.

जीभ आठवडाभर निळी राहिली. नंतर साफ झाली.

नाना पेन्शन घेऊन बारा वर्षं जगले आणि झोपेत गेले. आई त्यांच्यानंतर पुष्कळ जगली. मी अजून आहे. त्या सकाळी ज्या तिघांच्या जिवावर बेतलं होतं, ते आम्ही तिघंही त्यातून जिवंत राहिलो.